एका बाराची शिकार : कर्जतचा माळ आणि बंदुकीचा इतिहास

अहमदनगर जिल्ह्याच्या (इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर) दक्षिण टोकास, भीमा व सीना ह्या दोन नद्यांच्या दरम्यान कर्जत तालुका पसरला आहे. कोकणच्या वाटेवरील रायगड जिल्ह्यातील कर्जत निराळे. त्याच्या भोवती डोंगर व झाडी आहे. ह्या कर्जताभोवती माळ आहे. पाऊस थोडा व बेभरवशाचा, जमीन बरीचशी मुरमाड, कुसळी गवत, मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर आणि लवणातून गेलेले कोरडे ओढे, असे ह्या भागाचे जुने रूप. मोठी शिकार म्हटली की वाचकाच्या मनात वाघ, मचाण आणि हाकारे उभे राहतात. कर्जतच्या माळावर ह्यांपैकी काहीच नव्हते. येथील मोठे जनावर म्हणजे काळवीट, त्याखालोखाल चिंकारा, आणि त्या दोहोंच्या मागावर असणारा लांडगा. तरीही बंदुकीच्या इतिहासातील एक प्रश्न जंगलापेक्षा ह्याच माळावर अधिक स्पष्टपणे तपासता येतो. एका वेळी एकच गोळी सोडणाऱ्या शस्त्राने जनावरांच्या संहारास खरोखरच आळा घातला होता काय, आणि घातला असल्यास तो कशाच्या बळावर?

ह्या प्रदेशातील प्राण्यांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स ह्याने केली. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून तो दख्खनमध्ये हिंडत होता. इ. स. १८३१ मध्ये त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. भारतीय लांडगा आणि चिंकारा ह्या दोन्ही प्राण्यांची शास्त्रीय वर्णने त्याच वर्षीची आणि त्याचीच असून, चिंकाऱ्याच्या शास्त्रीय नावापुढे आजही साइक्सचे नाव लिहिले जाते. चिंकाऱ्यास मराठे लोक ‘काळशेपी’ म्हणतात, हेही त्याने टिपून ठेवले. अशा वर्णनास नमुना लागे, आणि नमुना म्हणजे त्या काळी बहुधा बंदुकीने पाडलेले जनावर. माळावरील प्राण्यांचे ज्ञान आणि त्यांची शिकार ह्यांचा उगम असा एकत्र आहे.

साइक्सच्या काळची बंदूक म्हणजे ठासणीची बंदूक. प्रथम मापाने दारू नळीत ओतावयाची, मग गोळी गजाने तळापर्यंत ठासावयाची, नंतर कानावर बारीक दारू टाकून जामगीने किंवा गारेच्या ठिणगीने ती पेटवावयाची. गावोगावच्या शिकाऱ्यांजवळ तोड्याची बंदूक असे, साहेबांजवळ गारेची. पुढे इ. स. १८३० नंतर टोपीची बंदूक सर्वत्र रुळली आणि ओलाव्याची भीती कमी झाली, परंतु ठासण्याचे काम तसेच राहिले. सरावलेल्या माणसास दुसरा बार भरण्यास अर्धे मिनिट लागे. आट्यांच्या नळीत गोळी घट्ट बसवावयाची असल्यास त्याहून अधिक वेळ जाई. धावणारे काळवीट तासाला साठ किलोमीटरचा वेग सहज गाठते. म्हणजे शिकारी गज उचलून पुन्हा जागेवर ठेवीपर्यंत कळप अर्धा किलोमीटर दूर गेलेला असे. माळावर दुसरा बार कागदोपत्रीच होता.

जंगलातील शिकाऱ्यापुढची अडचण वेगळी होती. तेथे जनावर पळून जाण्यापेक्षा अंगावर येण्याची भीती मोठी. कर्जतच्या उत्तरेस, त्याच दख्खनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या खानदेशात हे अगदी स्पष्ट दिसते. साइक्सने सरकारी आकड्यांच्या आधारे लिहिले आहे की, इ. स. १८२५ ते १८२९ ह्या पाच वर्षांत १,०३२ वाघ मारले गेले, आणि त्यात मुख्य वाटा खानदेशचा होता. इ. स. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमच्या तेथील दहा वर्षांच्या वास्तव्यात त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या हातून दोनशेहून अधिक वाघ पडले. हे सारे ठासणीच्याच बंदुकांनी घडले. मग एकाच बाराने संहार आटोक्यात राहतो, ह्या समजुतीचे काय?

ह्याचे उत्तर बंदुकीत शोधून सापडत नाही. ते बंदुकीमागे उभ्या असलेल्या माणसात आहे. धोक्याच्या जनावरासमोर साहेब एका बंदुकीने कधीच उभा राहत नसे. त्याच्या खांद्यामागे भरलेली दुसरी, कित्येकदा तिसरी बंदूक घेऊन एक देशी शिकारी उभा असे. पहिला बार सुटताच रिकामी बंदूक मागे जाई आणि भरलेली पुढे येई. सिलोनमध्ये हत्तींची शिकार करणाऱ्या सॅम्युएल बेकरजवळ ब्रिस्टलच्या गिब्जने घडविलेली एकनळी रायफल होती. तिचे वजन एकवीस रत्तल, म्हणजे सुमारे साडेनऊ किलो, आणि ती चार औंसांपर्यंतची गोळी फेकी. अशा अजस्र शस्त्राचा दुसरा बार भरत बसण्यास हत्ती अवधी देत नाही. तेथेही भरलेल्या बंदुका हाती देणारे लोक लागत. ज्या यंत्ररचनेस पुढे ‘मॅगेझिन’ हे नाव मिळाले, ते काम तोवर भिल्ल, पारधी, गावचा पागी आणि सिलोनमधील वाटाड्या हेच करीत होते. साहेबांच्या शिकारकथांत वाघाची लांबी इंचापर्यंत दिलेली आढळते. भरलेली बंदूक वेळेवर पुढे करणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच. ज्याने वाघासमोर रिकामी बंदूक हातात धरून उभे राहावयाचे, त्याचे धैर्य साहेबाच्या धैर्याहून कमी मानण्यास काहीच आधार नाही.

माळावर ह्या माणसाचा उपयोग निराळा होता. तेथे दुसऱ्या बंदुकीपेक्षा जवळ जाण्याची युक्ती महत्त्वाची, आणि ती युक्ती सर्वस्वी देशी होती. उघड्या माळावर चालत येणारा माणूस काळविटास फार दुरून दिसतो. पण शेतकऱ्याची बैलगाडी ते रोज पाहते आणि तिला भीत नाही. म्हणून शिकारी गाडीच्या आडोशाने निघे. गाडी कळपावर सरळ घालावयाची नाही. ती भलतीकडेच चालली आहे असे भासवीत, वळसे घेत, हळूहळू अंतर कमी करावयाचे. शिकाऱ्याने चाकाआड पायी चालावयाचे, योग्य अंतरावर येताच थांबावयाचे, आणि गाडी मात्र चालतीच ठेवावयाची, कारण ती थांबली की कळपाची मान वर होते. गाडीवानाच्या हाती कासरा होता, तशीच शिकारही त्याच्याच हाती होती. माळढोकाच्या शिकारीसही हीच रीत चाले. फासेपारध्यांची रीत तर बंदुकीच्या पलीकडची. जनावरांच्या वाटेवर खुंट्यांना फासांची ओळ बांधून कळप तिच्याकडे हळूच लोटणे, किंवा शिकवलेल्या बैलाआड दडून पाखरांजवळ जाणे. ह्यात आवाज नाही, धूर नाही, आणि एका हाकेत एकाहून अधिक जनावरे फासात पडू शकत. एका बाराच्या बंदुकीपेक्षा फास अधिक मारक होता, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु पारधी पोटापुरते व बाजारापुरते धरी आणि पाल उचलून पुढे जाई.

गाडी आणि ठासणीची बंदूक एकत्र आल्यावर काय घडू शकते, ह्याचे मोजमाप ह्याच जिल्ह्यात उपलब्ध आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने इ. स. १८०९ ते १८२९ ह्या काळात अहमदनगरच्या परिसरात ९६१ माळढोक मारल्याची नोंद पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत वारंवार उद्धृत होते. म्हणजे वर्षाला सरासरी पंचेचाळीसहून अधिक. माळढोक हे श्वापद नव्हे, परंतु वजनाने व सावधपणाने ते हरणाच्या पंक्तीला बसणारे पाखरू आहे, आणि मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते. ह्या आकड्यापुढे एका बाराच्या बंदुकीचे गुणगान करणाऱ्याने थोडे थांबावयास हवे. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एका माणसाने वीस वर्षे एवढी पाखरे मारल्यावरही दख्खनच्या माळांवर माळढोक पुढे शतकभराहून अधिक काळ नांदत होता. तो आकडा एका हौशी माणसाचा आहे. असे शिकारी तेव्हा विरळ होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रच बदलले. इ. स. १८६६ मध्ये इंग्रजी सैन्याने जुन्या एन्फील्ड बंदुकांस मागून भरण्याची सोय करून स्नायडर रायफल पत्करली, आणि इ. स. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. खालचा दांडा ओढला की नळीचा मागचा ठोकळा खाली उतरे, रिकामे काडतूस बाहेर पडे, नवे सरकविले की दांडा वर. बार अजूनही एकच, परंतु गज कायमचा गेला. दुसऱ्याच वर्षी जॉन फार्कर्सनने आपल्या रचनेचे पेटंट घेतले. गिब्जने त्या रचनेवर बांधलेल्या एकनळी रायफली आफ्रिकेपासून हिंदुस्थानपर्यंत शिकाऱ्यांच्या आवडीच्या झाल्या. एकनळी असल्याने ही रायफल दुनळीपेक्षा हलकी, स्वस्त आणि नेमास अधिक भरवशाची. दोन नळ्या एकाच ठिकाणी मारतील अशा जुळविणे हे फार कसबी कारागिराचे काम असते व त्याचे मोल द्यावे लागते. पगारावर जगणारा तरुण सुभेदारी साहेब दुनळी एक्सप्रेसचे स्वप्न पाही आणि हाती एकनळी घेई.

ह्या रायफलीने माळावरील अंतर बदलले, पण ज्यांना वाटते तितके नव्हे. मार्टिनीची गोळी ४८० ग्रेनची, सुमारे एकतीस ग्रॅम वजनाची आणि संथ होती. शंभर यार्डांवर बरोबर लागणारी रायफल त्याच नेमाने दोनशे यार्डांवर झाडली, तर गोळी सुमारे दोन फूट खाली जाई. काळवीट खांद्याशी अडीच फुटांच्या आसपास उंच, आणि त्याचे मर्मस्थान त्याच्या निम्म्याहून लहान. तेव्हा शिकाऱ्यास अंतर अचूक ताडता येणे आवश्यक झाले. जंगलात झाडे मोजून अंतर कळते. कर्जतच्या सपाट माळावर, उन्हात तापलेल्या हवेच्या लाटांत, दीडशे व अडीचशे यार्डांतील फरक नव्या डोळ्यास दिसत नाही. ‘मृगजळ’ हा शब्द मृग फसतो म्हणून रूढ झाला, पण ह्या ठिकाणी फसणारा शिकारी होता. त्यातच काळ्या दारूचा धूर. वारा नसल्यास बार काढल्यावर काही क्षण पुढचे काहीच दिसत नसे, आणि गोळी लागली की चुकली हे बाजूला उभ्या असलेल्या गाडीवानास विचारावे लागे. जखमी जनावराचा माग काढणे हेही त्याच्याच माथी.

बंदूक कोणी बाळगावी हा प्रश्न ह्याच सुमारास कायद्याने निकालात काढला. इ. स. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत नगर जिल्ह्यातील ज्या तालुक्यांतील खेडी उठली, त्यांत पारनेर व श्रीगोंदे ह्यांच्याबरोबर कर्जतही होते. त्या उठावाचे मुख्य हत्यार कर्जरोख्यांना लावलेली आग हे होते, बंदूक नव्हे. लगेच पुढे १८७६–७८ चा दुष्काळ पडला, आणि इ. स. १८७८ मध्ये संपूर्ण हिंदुस्थानास लागू होणारा हत्यारांचा कायदा आला. शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक झाला. युरोपियनांस मात्र नियमांनी सूट दिली होती. परिणामी ज्याच्या शेतातील शाळूचे कोंब काळवीट रात्रीत फस्त करी, त्यास परवान्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, आणि मिळालीच तर पिकाच्या राखणीसाठी एखादी ठासणीची बंदूक मिळे. बाकीच्यांची राखण गोफणीवर आणि माळ्यावरून मारलेल्या आरोळीवर. ज्याची हौस होती त्याच्या हाती मार्टिनी राहिली. पारध्यांची स्थिती तर सर्वांत विपरीत. इ. स. १८७१ पासून निघालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांच्या जाळ्यात ते पुढे सापडले, आणि त्यांचे हिंडणे हाच गुन्ह्याचा पुरावा ठरू लागला. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून इ. स. १९५२ मध्ये पुसला गेला. गावाच्या मनातून तो पुसला गेला असे म्हणता येणार नाही.

सरकारला शस्त्राची भीती किती होती, ह्याचे एक चमत्कारिक उदाहरण शिकारी रायफलीच्याच इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ०.४५० इंच व्यासाच्या रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली. कारण हे की, मार्टिनी-हेन्रीचा व्यासही तोच. शिकारीच्या नावाने आलेला दारूगोळा जुन्या मार्टिनी बाळगणाऱ्या बंडखोरांच्या हाती पडेल, अशी धास्ती होती. वाघ-हत्तींसाठी ०.४५० च्या दुनळ्या विकणाऱ्या इंग्रज बंदूककारांचा धंदा एका फटक्यात अडला, आणि त्यांनी ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशी नवी मापे काढली. आजही जुन्या शिकारी रायफलींच्या मापांचा जो गोंधळ संग्राहकांस बुचकळ्यात टाकतो, त्याचे एक मूळ हिंदुस्थानातील ह्या धास्तीत आहे.

तोपर्यंत एका बाराच्या रायफलीचे युग संपत आले होते. इ. स. १८८८ मध्ये मॅगेझिन असलेली ली-मेटफर्ड आली आणि पाठोपाठ धूर न करणारी कॉर्डाइट दारू. गोळी हलकी, वेगवान आणि सपाट मार्गाने जाणारी झाली. दोनशे यार्डांवर नेम वर धरण्याची गरज जवळजवळ उरली नाही. धूर नाही, म्हणून चुकले की चूक दिसते. आणि दांडी मागेपुढे केली की दुसरी गोळी तयार, कळप अजून टप्प्यातच. ह्यापूर्वी एका बारानंतर कळप सुटे. आता एका कळपातून चार-पाच जनावरे पडणे यंत्राच्या दृष्टीने शक्य झाले.

तरीही माळ लगेच ओस पडला नाही, आणि ह्या इतिहासातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट हीच आहे. मॅगेझिन रायफल येऊन अर्धशतक लोटले तरी शिकाऱ्यास गाडीच्या चाकाआडूनच जावे लागत होते. मारण्याचा वेग वाढला, गाठण्याचा वाढला नाही. तो वाढला दुसऱ्या महायुद्धानंतर, सैन्याच्या जीप गाड्या बाजारात आल्या तेव्हा. जीपला वाट लागत नाही, आणि कर्जतसारखा सपाट, झाडी नसलेला मुलूख तर तिच्यासाठीच घडविल्यासारखा. रात्री झोतदिव्याने डोळे दिपलेले जनावर जागीच उभे राहते. दिवसा धावते, पण जीपइतकेच. गाडीवानाची युक्ती, अंतराचा अंदाज, वाऱ्याची दिशा, ह्यांतील कशाचीही गरज राहिली नाही. देशात सर्वत्र काळविटांचे कळप स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत झपाट्याने विरळ झाले. माळाचे शेत होणे, चराऊ राने तुटणे हीही त्याची मोठी कारणे आहेत, आणि केवळ बंदुकीस दोष देणे अन्यायाचे होईल. पण शिकारीपुरते बोलावयाचे तर ठासण्याचा वेळ, गोळीचा टप्पा आणि गाडीचा वेग हे तीन अडसर एकामागून एक निघाले, आणि शेवटचा निघाल्यावर काही उरले नाही. एका बाराच्या बंदुकीने आळा घातला होता तो बंदूक म्हणून नव्हे. ती बैलाच्या चालीने चालत होती, म्हणून.

कायदा ह्या सर्वांच्या मागून आला. इ. स. १९१२ चा वन्यपक्षी व प्राणी संरक्षण कायदा हंगामापुरता होता. मुंबई राज्याचा इ. स. १९५१ चा कायदा त्याहून व्यापक, परंतु शिकारीचा परवाना हाच त्याचाही पाया. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र काळविटाच्या शिकारीस पूर्ण बंदी झाली. इ. स. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात गावे, बाजार, रस्ते सर्व आले, आणि कर्जत तालुक्याचा भागही आला. पुढे ते कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. दुसरे टोक रेहेकुरीचे. कर्जतजवळच्या ह्या काळवीट अभयारण्याची स्थापना इ. स. १९८० ची, आणि त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. एक अभयारण्य इतके मोठे की त्याची सीमा कोणास पटेना, आणि दुसरे इतके लहान की त्यात काळविटाने नुसते धावावयाचे ठरविले तरी दोन-तीन मिनिटांत ते पलीकडच्या शेतात असते. दोहोंपैकी यशस्वी झाले ते लहान. रेहेकुरीच्या गवतात काळविटांची संख्या पुन्हा वाढली. माळढोक मात्र, ज्या जिल्ह्यात एका माणसाने ९६१ मारले, त्या जिल्ह्यात आता दिसत नाही.

वाढलेली काळविटे कुंपण जाणत नाहीत. कुकडीच्या पाण्याने तालुक्याच्या काही भागात ऊस आला, बाकी भागात ज्वारी, हरभरा, तूर. रात्री कळप शेतात उतरतात आणि पहाटेपूर्वी परततात. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, तलाठी, वनरक्षक, ह्या क्रमाने प्रकरण चालते, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पिकापेक्षा उशिरा हाती येते. त्याचे म्हणणे टाकाऊ नाही. इ. स. १८७८ मध्ये त्याच्या पणज्यास बंदूक मिळत नव्हती आणि हरीण साहेबाचे होते. आज हरीण सरकारचे आहे.

पिकाच्या राखणीसाठी दिलेले बंदुकीचे परवाने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अजून आहेत. त्यांतील कित्येक बंदुका एकनळी आहेत आणि काही ठासणीच्याच. काळविटावर त्या झाडता येत नाहीत. परवान्याचे नूतनीकरण मात्र मुदतीत करावे लागते, आणि निवडणुका जाहीर झाल्या की त्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात.